हर्क्युलस: प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

निवडणुकीची ड्युटी संपली, परवा मतमोजणीही झाली. आज पहिल्यांदाच निवांत बसून प्रदर्शनाचं बोलता आलं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे बालिका दिन. त्या दिवशी दरवर्षी भाषणं आणि वेशभूषा होतात. या वर्षी व्हरांड्याच्या भिंतीवर सायकलीचा इतिहास मांडायचा आणि भिंतीसमोर एक खरी जुनी सायकल चालत्या स्थितीत उभी करायची, असं ठरलं. मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली. खर्चाचं आपलं आपण बघायचं.

सायकलच का, ते लिहून ठेवते. आमच्या आठवी-नववीतल्या पुष्कळ मुली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर वाड्या-तांड्यांवरून येतात. लातूर जिल्ह्यातल्या या पट्ट्यात एसटीची वेळ आणि शाळेची वेळ क्वचितच जुळते. सायकल मोडून पडली की मुलीचं येणं बंद होतं, आणि एकदा बंद झालेलं येणं पुन्हा सुरू करायला घरच्यांच्या किती विनवण्या कराव्या लागतात हे मला ठाऊक आहे. ज्या यंत्रावर यांचं शिकणं उभं आहे त्याची गोष्ट यांना कळायलाच हवी.

मुलींना घरी विचारायला तीन प्रश्न दिले: घरात पहिली सायकल कोणती आली, कुणी आणली, तिच्यावर काय काय वाहिलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वह्या आल्या. ॲटलस, हिरो, रॅले ही नावं आहेत, पण सगळ्यांत जास्त घरांत पहिली आलेली सायकल हर्क्युलस. वाहिलेल्या गोष्टींत कडब्याच्या पेंढ्या, दुधाचे कॅन, पिठाचे डबे, आजारी माणूस, नवरी. एकीने आजोबांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून आणलंय: "रॅलेवर मास्तर बसायचे, हर्क्युलसवर संसार बसायचा."

म्हणून विषय आवळला. सगळ्या सायकलींचा वरवरचा इतिहास मांडायचा नाही. एकट्या हर्क्युलसचा, पण नीट.

पहिल्या फलकाचा मजकूर आजच लिहायला घेतला. हर्क्युलस सायकल अँड मोटर कंपनी १९१० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात सुरू झाली. एडमंड आणि हॅरी क्रेन हे दोघे भाऊ तिचे मालक. बर्मिंगहॅम म्हणजे नळ्या, साखळ्या, खोगिरं, घंट्या बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. सायकलीला लागणारा जवळजवळ प्रत्येक भाग त्याच शहरात कुणी ना कुणी करत होता. क्रेन यांनी त्याचा फायदा घेतला: साधी सायकल, प्रचंड संख्येनं, कमीत कमी किमतीत. कारखान्यातल्या कामगाराला परवडेल अशी. १९३० चं दशक संपेपर्यंत कंपनीने ६० लाखांहून जास्त सायकली बनवल्या होत्या आणि जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी असल्याचं ती सांगू शकत होती.

त्यातल्या कितीतरी बोटीने मुंबईला उतरल्या. आपल्या भागात त्या कशा पोचल्या असतील याचा नकाशा इतिहासाचे सर काढून देणार आहेत. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानाची जकात. मुंबईत उतरलेल्या मालाला लातूरच्या बाजारात येण्याआधी ही एक जादा हद्द ओलांडावी लागे.

१ डिसेंबर, रविवार

सायकल मिळाली. रेणापूरच्या बाजूला एका मळ्यात, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली. एका विद्यार्थिनीच्या चुलत आजोबांची. वय नव्वदीच्या घरात, कान कमी, पण आठवण धडधाकट. सायकल देताना त्यांनी एकच अट घातली: "रंग देऊ नका बाई. माझ्या हाताच्या खुणा हायेत तिच्यावर."

सायकल खाली उतरवली. धुळीचा आणि चिमण्यांच्या काड्यांचा थर. बावीस इंची फ्रेम, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे घरी ठोकलेलं भक्कम लोखंडी कॅरियर. टायर फाटून लोंबलेले. नळ्या मात्र सरळ. मुलींनी तिथेच चाकांच्या तारा मोजल्या आणि गोंधळल्या: पुढे ३२, मागे ४०. हे बरोबर आहे. इंग्रजी धाटणीच्या जुन्या सायकलींत तसंच असतं. माणसाचं आणि ओझ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून तिकडे आठ तारा जास्त.

आजोबा सांगतात ही सायकल निजामाच्या राज्यातली. वडिलांनी लातूरहून आणली, पैसे हाली, म्हणजे निजामी, रुपयांत मोजले, हे त्यांना स्वतः पाहिल्याचं आठवतं. हँडलखालच्या उभ्या नळीवरचा पितळी बिल्ला ओल्या फडक्याने पुसला. हर्क्युलस हे नाव दिसलं आणि खाली बारीक अक्षरांत मद्रास.

५ डिसेंबर, गुरुवार

त्या 'मद्रास'ने दोन दिवस खाल्ले, पण दुसरा फलक त्यातूनच तयार झाला.

हर्क्युलस कंपनी १९४६ मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्लंडमधल्या मोठ्या उद्योगाने विकत घेतली. या उद्योगाला लोक नुसतं टी.आय. म्हणत. त्याचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा. स्वातंत्र्यानंतर बाहेरून तयार सायकल आणण्यापेक्षा ती इथेच बनली पाहिजे हे उघड होतं. १९४९ साली टी.आय. आणि मद्रासचं मुरुगप्पा घराणं यांनी मिळून टी.आय. सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी काढली. मद्रासजवळच्या अंबत्तूरला कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून हर्क्युलस बाहेर पडू लागली. म्हणजे मद्रासचा बिल्ला असलेली सायकल १९४९ च्या आधीची असू शकत नाही. हैदराबाद संस्थान तर १७ सप्टेंबर १९४८ लाच भारतात विलीन झालं होतं.

मग आजोबांचे हाली रुपये? तेही खरे असू शकतात. संस्थान गेलं तरी हाली नाणं लगेच हद्दपार झालं नाही, काही वर्षं दोन्ही रुपये बाजारात चालत होते. ज्याच्या हातात निजामाचा रुपया होता त्याला तो काळ निजामाचाच वाटणार. त्यामुळे फलकावर मी दोन्ही लिहिणार: बिल्ला काय सांगतो आणि आजोबा काय सांगतात. दोन्ही जुळवून ही सायकल १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची ठरते. इतिहासाच्या सरांनी या पद्धतीवर नववीचा एक तास घेतला. वस्तूचा पुरावा आणि माणसाची आठवण एकमेकांशी कशी ताडून बघायची, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मुलींना बिल्ल्यावरून जास्त कळलं.

८ डिसेंबर, रविवार

सायकल बसस्टँडमागच्या चाचांच्या दुकानात. चाचांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. एकेकाळी इथे तासावर भाड्याच्या सायकली मिळायच्या. त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला, एका डोळ्याने नळी बघितली आणि म्हणाले, "मॅडम, नळी सरळ हाय. बाकी सगळं व्हतंय."

चार मुली आल्या होत्या. चाचांनी त्यांना बघ्याच्या भूमिकेत ठेवलं नाही, लगेच पाना हातात दिला. रॉकेल आता मिळत नाही म्हणून सगळे गंजलेले भाग डिझेलमध्ये भिजवले. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, कॉटर पिना (दांडा एक्सलला धरून ठेवणाऱ्या खिळी) निघेनात. चाचांनी क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवला आणि मग हातोडा मारला. घाव पाइपवरून जमिनीत जातो, आतल्या छऱ्यांना आणि कपाला बसत नाही. हे त्यांनी तीनदा समजावलं. घाई करून वरून ठोकणारे कारागीर एक्सल वाकवून ठेवतात.

मग उजव्या बाजूचा कप, म्हणजे छऱ्यांची वाटी. एका मुलीने सगळा जोर लावला, हलेना. चाचा हसले. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, सगळं जग ज्या दिशेने सोडवतं त्या दिशेने तो घट्ट होतो. पायडल मारताना तो हळूहळू सुटू नये म्हणून इंग्रजी सायकलींत ही सोय आहे. दिशा बदलली आणि कप निघाला. आतून पाव इंची छर्रे आणि साबणासारखं घट्ट झालेलं ग्रीस. प्रत्येक बाजूला ११ छर्रे. एका बाजूला दोन फुटलेले होते. चाचा म्हणाले, फुटलेले तेवढेच बदलायचे नाहीत, सगळे नवे टाकायचे. नव्या-जुन्याच्या मापात केसाएवढा फरक असतो आणि सगळा भार मोठ्या छऱ्यावर येतो.

रंगावरून थोडी बोलाचाली झाली. चाचांना सायकल काळी कुळकुळीत करून द्यायची होती. मी नाही म्हटलं. आजोबांची अट आहेच, पण मलाही ते पटतं. मडगार्डवरची सोनेरी रेघ अजून बोटभर दिसते, वरच्या नळीवर कासऱ्याने घासलेली पांढरी पट्टी आहे. रंगाखाली ती गेली तर उरेल ती दुकानातली सायकल. शेवटी नुसतं तेलाचं फडकं मारायचं ठरलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

टायर-ट्यूब मिळाले. अठ्ठावीस बाय दीडचं माप अजून तालुक्याला सहज मिळतं. नव्या कॉटर पिना चाचांनी कानशीने घासून बसवल्या, दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत.

१५ डिसेंबर, रविवार

आज शिक्षकांच्या बैठकीत विक्रमवीरांच्या फलकावर वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, शर्यत म्हटली की टूर द फ्रान्स, तिचाच मोठा फलक हवा. माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी सोडलं नाही. हर्क्युलसची सर्वांत मोठी कामगिरी तिच्यासाठी चालवणाऱ्या दोन स्त्रियांनी केली आहे. मधला, सर्वांत मोठा फलक त्यांचा. बालिका दिनाला आमच्या भिंतीवर त्या कोपऱ्यात असणार नाहीत.

पार्श्वभूमी अशी. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या सायकल विक्रमांची नोंद ठेवणारी संस्था जुनी, पण ती फक्त पुरुषांची. बायकांचे विक्रम ती मोजतच नसे. म्हणून १९३४ साली बायकांनी स्वतःची विक्रम संस्था काढली. गावापासून गावापर्यंतची अंतरं, १२ तास, २४ तास, १००० मैल अशा ठरलेल्या चाकोऱ्या. आधी कळवून निघायचं, वाटेत निरीक्षक, पुढे कुणाच्या आडोशाने चालवायचं नाही, एकटीने वारा कापायचा. यांतली सर्वांत मोठी कसोटी म्हणजे लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स, बेटाच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंत, तेव्हाच्या रस्त्याने सुमारे ८७० मैल. म्हणजे १४०० किलोमीटर. लातूर-नांदेड सुमारे १४० किलोमीटर धरलं तर तसं दहा वेळा, न थांबल्यासारखं.

१९३८ मध्ये लिलियन ड्रेज यांनी हे अंतर ३ दिवस २० तास ५४ मिनिटांत कापून बायकांचा पहिला विक्रम नोंदवला. (त्यांची सायकल हर्क्युलस नव्हती. तरी त्यांचं नाव फलकावर राहील, त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट सुरूच होत नाही.)

पुढच्याच वर्षी मार्गरिट विल्सन. बोर्नमथ गावची, वय एकवीसच्या आसपास, १९३९ मध्ये हर्क्युलसने तिला पगारी विक्रमवीर म्हणून घेतलं. ऑगस्ट संपता संपता ती लँड्स एंडहून निघाली. ती उत्तरेकडे पायडल मारत असताना युरोप युद्धाच्या तोंडाशी होता. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, ३ तारखेला ब्रिटन युद्धात उतरलं. तिचा वेळ २ दिवस २२ तास ५२ मिनिटं. ड्रेज यांच्यापेक्षा २२ तासांनी कमी. तिथेच न थांबता तिने १००० मैल पूर्ण केले, ३ दिवस ११ तास ४४ मिनिटांत. युद्धामुळे १९४१ मध्ये तिला हे सगळं थांबवावं लागलं तेव्हा बायकांच्या विक्रम यादीतले सगळे, म्हणजे १६ च्या १६ सायकल विक्रम तिच्या नावावर होते.

बैठकीत हे वाचून दाखवलं. सहकाऱ्यांनी मधला फलक मान्य केला.

१८ डिसेंबर, बुधवार

आयलीन शेरिडन यांच्या मजकुरावर संध्याकाळ गेली. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जवळची वाटणारी ही बाई.

जन्म १९२३, कॉव्हेंट्री. उंची दीडशे सेंटिमीटर, म्हणजे आमच्या नववीतल्या मधल्या रांगेतल्या मुलीइतकी. हौस म्हणून सायकल क्लबात गेल्या. १९४६ मध्ये मुलगा झाला, आणि त्यांच्या मोठ्या शर्यती त्यानंतरच्या. १९४९ मध्ये १२ तासांच्या शर्यतीत २३७.६२ मैल, म्हणजे सुमारे ३८२ किलोमीटर. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या बायकांत सर्वोत्तम अष्टपैलू शर्यतपटू. १९५१ मध्ये हर्क्युलसने त्यांच्याशी तीन वर्षांचा करार केला. काम एकच: बायकांच्या यादीतले विक्रम मोडणं. युद्धानंतर ती यादी २१ विक्रमांची झाली होती. त्यांनी २१ च्या २१ मोडले.

२४ तासांत ४४६.५ मैल. लंडन ते एडिंबरा २० तास ११ मिनिटं ३५ सेकंद. आणि जुलै १९५४ मध्ये ती मोठी कसोटी: लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स २ दिवस ११ तास ७ मिनिटं. विल्सनच्या वेळेतून ११ तास ४५ मिनिटं कमी केली. उत्तरेत थंडी, डोंगर, हातांना इतके फोड आले की हँडल मुठीत धरता येईना. टोकाला पोचल्यावर दोन तासही न झोपता त्या पुन्हा सायकलवर बसल्या, कारण १००० मैलांना अजून १३० बाकी होते. त्या रात्री झोपेअभावी त्यांना नसलेली माणसं दिसू लागली, रस्त्यावर पांढरी अस्वलं दिसली. ३ दिवस १ तासाने १००० मैल पूर्ण झाले.

हा परिच्छेद वर्गात वाचला. प्रश्न आला, "मॅडम, मग मुलगा कुठं होता?" घरी, आठेक वर्षांचा. दुसरा प्रश्न, "नवऱ्यानं जाऊ दिलं?" नवरा स्वतः सायकलस्वार होता, बायकोच्या पाठीशी उभा राहणारा. ही उत्तरं मी फलकावरही घालणार आहे. ज्या प्रश्नांची उत्तरं आमच्या मुलींना हवी आहेत ती आकड्यांखाली दाबायला नकोत.

शेरिडन फेब्रुवारी २०२३ मध्ये, ९९ व्या वर्षी वारल्या. आमच्या सातवीतल्या मुलींच्याही हयातीत त्या होत्या.

२१ डिसेंबर, शनिवार

गणिताच्या तासात सायकल वर्गात. पुढच्या चक्राचे दात ४८, मागच्या फ्रीव्हीलचे १८. भागाकार २.६७. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचे पावणेतीनला थोडे कमी फेरे. चाकावर खडूची खूण करून मुलींनी व्हरांड्यात एक फेरा मोजला, सव्वादोन मीटरला थोडं कमी. गुणाकार जवळपास ६ मीटर. एका पायडलला सहा मीटर. मग एकीने आपण होऊन पुढचं केलं: १४०० किलोमीटरला पायडलचे किती फेरे? सुमारे २ लाख ३५ हजार. फळ्यावर आकडा आला आणि वर्गात कुजबुज झाली.

इथे एक गोष्ट मुलींना सरळ सांगितली आणि फलकावरही लिहिली. शेरिडन यांची सायकल आणि गोठ्यातली सायकल यांवर नाव एक, पण यंत्रं दोन. आपली सायकल वीस किलोच्या घरात. नळ्या जाड, पुढचा चिमटा पुढे झुकलेला, चाकं एकमेकांपासून लांब. खड्ड्यात आणि ओझ्याखाली ती डुलते पण मोडत नाही. ब्रेकच्या सळया रबर वर ओढून रिमला आतून घासतात. ओल्या मातीत हे ब्रेक उशिरा लागतात, पण कुठल्याही खेड्यात पक्कडीने दुरुस्त होतात. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ नावाच्या मिश्रपोलादी नळ्या लागत: टोकांना जाड, मध्ये पातळ, कारण जोडाशी ताण जास्त आणि मध्ये कमी. रेनॉल्ड्सही बर्मिंगहॅमचीच आणि तीही टी.आय.च्याच मालकीची. वजन निम्म्यावर येई. म्हणजे कंपनी जाहिरातीत शेरिडन यांचा विक्रम दाखवायची आणि विकायची ती बहुतेक जड साधी सायकल. यात फसवणूक आहे का, यावर मुलींनी छान वाद घातला. माझं मत मी सांगितलं: विक्रमाचे पैसे त्या साध्या सायकलींनी मिळवून दिले. दूधवाल्यांनी आणि कामगारांनी लाखोंनी सायकली घेतल्या नसत्या तर एका बाईला तीन वर्षं पगार देऊन रस्त्यावर सोडणं कुठल्या कंपनीला परवडलं असतं?

२४ डिसेंबर, मंगळवार

टूर द फ्रान्सचा छोटा फलक. १९५५ मध्ये ब्रिटनचा पहिला संघ या शर्यतीत उतरला, त्यामागे मुख्यतः हर्क्युलसचा पैसा आणि हर्क्युलसचे गडी. दहा जण निघाले, पॅरिसला दोनच पोचले: ब्रायन रॉबिन्सन २९ वे आणि टोनी होअर ६९ वे. शर्यत पूर्ण करणारे एकूणच ६९, म्हणजे होअर शेवटचे. फ्रान्सच्या लुइसाँ बोबे यांनी सलग तिसऱ्यांदा ती जिंकली. युरोपातल्या डोंगरी, तीन आठवड्यांच्या शर्यतीची सवयच नसलेल्या संघातून दोघं पोचणं हे मला कमी वाटत नाही. पण कंपनीने तो संघ त्याच वर्षी बंद केला. रॉबिन्सन यांनी नेटाने चालू ठेवलं. १९५८ मध्ये टूरचा टप्पा जिंकणारे ते पहिले ब्रिटिश ठरले, तेव्हा हर्क्युलस त्यांच्या अंगावर नव्हती.

१९६० मध्ये टी.आय.ने रॅलेही आपल्यात घेतली आणि इंग्लंडमधल्या हर्क्युलसचा कारभार नॉटिंगहॅमच्या रॅलेकडे गेला. तिकडे नाव हळूहळू मागे पडलं. इकडे अंबत्तूरहून ते पुढे चालू राहिलं. त्या फलकावर एवढंच.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शाळेला सुट्टी, सगळा जिल्हा शेतात. सायकलवाल्या आजोबांनी मळ्यात जेवायला बोलावलं होतं. कडब्याच्या खोपीत लक्ष्मीची पूजा झाली, मग भज्जी, उंडे, आंबील. तिथेच बसून त्यांची आठवण उतरवून घेतली. ती शेवटच्या फलकावर त्यांच्याच शब्दांत जाईल:

"आंबिलीचा बिंदगा डोक्यावर घेऊन बाया चालत यायच्या, दोन कोस. सायकल आली त्या साली मी बिंदगा कॅरियरला बांधला, खाली पोत्याचं चुंबळ ठिवलं. आन् आई म्हणली, मला बी शिकव. गावानं नावं ठिवली. आई दांडीच्या सायकलीवर लुगड्यात कशी बसंल? पर बसली. रानातच शिकली, रस्त्यावर न्हाई. चार दिवस शिकली, मग बंद केली. पर बसली व्हती."

मी विचारलं, बंद का केली? आजोबांनी हात उडवला. "लोकं."

सून भाकरी वाढत होती. ती म्हणाली, हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

फलक लागले. मधला मोठा फलक विल्सन आणि शेरिडन यांचा, डावीकडे बर्मिंगहॅम आणि मद्रास, उजवीकडे टूर आणि आजोबांच्या आईची आठवण. तो शेवटचा फलक उजव्या टोकाला असावा असं कला शिक्षकांचं म्हणणं होतं. मी तो उचलून मधल्या फलकाच्या अगदी शेजारी घेतला. रानात शिकलेली बाई आणि हजार मैल चालवलेली बाई शेजारी शेजारी वाचल्या गेल्या पाहिजेत.

चाचा स्वतः येऊन मागच्या चाकाचा आऊट काढून गेले. घंटी वाजते.

३ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर गर्दी. आजोबा नातवाच्या मोटरसायकलवर आले. आईचा फलक नातीने त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, कारण कान कमी. मग त्यांनी सायकलीच्या वरच्या नळीवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि जमलेल्यांना कासऱ्याची गोष्ट सांगितली.

मुलींना ही सायकल मैदानात चालवायची मुभा दिली होती. दांडी उंच, सीटवर बसलं की पाय पुरत नाहीत. आठवीतल्या एकीने नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मैदानाला फेरी मारली. घरी आजीने ते शिकवलंय म्हणाली.

सातवीतल्या एका मुलीने मधला फलक पूर्ण वाचून विचारलं, "हा विक्रम अजून त्यांचाच हाय का?" फलकावर उत्तर नव्हतं. तिथल्या तिथे कार्डशीटची पट्टी लिहून चिकटवली: टोकापासून टोकापर्यंतचा शेरिडन यांचा विक्रम १९९० मध्ये पॉलिन स्ट्राँग यांनी मोडला, २ दिवस ६ तास ४९ मिनिटं. हजार मैलांचा २००२ मध्ये लिन टेलर यांनी. पहिला ३६ वर्षं टिकला, दुसरा ४८. दोन्ही मोडणाऱ्या बायकाच.

६ जानेवारी, सोमवार

शेजारच्या गावातल्या शाळेने फलक मागितलेत, संक्रांतीनंतर पाठवायचे. ज्या मुलींनी छर्रे बदलले त्या सोबत जातील आणि तिथल्या मुलींना कॉटर पिना काढायला शिकवतील. चाचा पाने देणार आहेत.

सायकल आजोबांकडे परत गेली. या वेळी आढ्याला टांगलेली नाही. घरच्यांनी ती ओसरीत ठेवली आहे आणि सुनेने चावी स्वतःकडे घेतली आहे. पुढचं ग्रीस पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुट्टीत. चेनला तेल महिन्याला. ही दोन कामं नववीतल्या मुलींच्या नावावर वहीत लिहून ठेवली.